दुसऱ्या दांड्याची भाषा

जानेवारीतली गोष्ट. मावसभावाचा फोन आला तेव्हा तो भोरच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या एका हॉटेलच्या आवारात उभा होता. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारी गाडी घेऊन त्याला जेमतेम दोन महिने झाले होते.

"दादा, तो छोटा दांडा निघतच नाहीये. दोन्ही हातांनी ओढला. आता तुटतोय की काय असं वाटतंय."

"आधी हात काढ त्याच्यावरून. कुठून आलास?"

मित्राच्या शेतावरून येत होता. डोंगराच्या पायथ्याचा दगडधोंड्यांचा रस्ता. त्यानं गिअरशेजारचा तो छोटा दांडा ४एचमध्ये, म्हणजे चारही चाकं ओढतील अशा जागेवर टाकला, गाडी सुरेख चढली. पुढे डांबरी लागलं तरी दांडा तसाच राहू दिला, कारण चारही चाकं ओढत असली तर पकड जास्त, असं त्याला वाटलं. चौदा-पंधरा किलोमीटर तो तसाच आला. वळणांवर स्टिअरिंग जड लागत होतं. हॉटेलच्या आवारात गाडी लावायला वळवली तर ती धक्के खात, उड्या मारल्यासारखी वळली.

"गाडी चालू कर. ज्या वळणानं आत आलास, त्याच वळणानं हळूहळू मागं ये. वीसेक फूट. दांड्यावर हात नुसता टेकवून ठेव, जोर लावू नकोस."

थोडा वेळ फक्त इंजिनचा आवाज. मग "सुटला!" आणि त्यामागून, "पण हे झालं काय?"

फोनवर त्याला दोन वाक्यांत सांगितलं, पण त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यावं असं तेव्हापासून मनात होतं. गाडी विकताना "यानं फोर बाय फोर लागतं" एवढंच सांगतात आणि चावी हातात ठेवतात. खरं तर हा दांडा बोलतो. अडकतो, जड लागतो, दातांचा कर्रकर्र आवाज करतो, आणि या प्रत्येकाला अर्थ असतो. तो कळण्यासाठी गाडीखाली काय चाललंय ते एकदा डोळ्यांपुढे यायला हवं.

गाडीच्या पोटात

इंजिनाचा जोर क्लचमधून गिअरबॉक्समध्ये येतो. साध्या मागच्या चाकांच्या गाडीत तो तिथून एका लांब फिरत्या दांडीनं, म्हणजे प्रोपेलर शाफ्टनं, मागच्या एक्सलला, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या आसाला जातो. विषय संपला. फोर बाय फोरमध्ये गिअरबॉक्सच्या पाठीमागे आणखी एक पेटी बसवलेली असते, ट्रान्सफर केस. तिच्यातून दोन शाफ्ट निघतात. एक मागे जातो, एक पुढच्या एक्सलकडे. मागचा एरवी जोडलेलाच असतो. पुढचा जोडायचा की मोकळा ठेवायचा, ते तुमचा दांडा ठरवतो.

कसं ठरवतो? दांड्याच्या खालच्या टोकाला एक-दोन सळया आणि सांधे असतात. त्या ट्रान्सफर केसच्या आतल्या एका बेचक्याला सरकवतात. मेकॅनिक त्याला फोर्क म्हणतात, पण गलोलीचं बेचकं आठवलं तर आकार लगेच कळेल. हे बेचकं एका जाड पोलादी कड्याला दोन्ही बाजूंनी धरून असतं. कड्याला आतून दाते असतात. हे कडं, म्हणजे स्लीव्ह, मागच्या शाफ्टवर आधीच बसलेलं असतं आणि त्याच्याबरोबर फिरत असतं. तुम्ही दांडा ४एचला ओढलात की बेचकं कड्याला बोटभर पुढे ढकलतं आणि कड्याचे दाते शेजारच्या एका चक्राच्या दात्यांवर चढतात. ते चक्र साखळीनं, किंवा जुन्या गाड्यांत गिअरांनी, पुढच्या शाफ्टला जोडलेलं असतं. आता दोन्ही शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले गेले.

एवढंच. कॉम्प्युटर नाही, क्लचच्या पट्ट्या नाहीत, मधे घसरणारं काही नाही. लोखंडात लोखंड अडकलं. तुमच्या मनगटाची हालचाल बेचक्यापर्यंत जशीच्या तशी पोहोचते आणि दात्यांवर जे घडतं ते त्याच वाटेनं हातापर्यंत परत येतं. मला हा दांडा इतका आवडतो तो या परतीच्या वाटेमुळे.

पीळ कुठून येतो

दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधले म्हणजे त्यांना एकाच वेगानं फिरावं लागणार. सरळ रस्त्यावर त्याचं काही बिघडत नाही. वळणावर बिघडतं.

कधी शेतातल्या ओल्या मातीत गाडी वळवून झाल्यावर खाली उतरून चाकोऱ्या बघा. पुढच्या चाकांच्या खुणा बाहेरून जातात, मागच्यांच्या आतून. म्हणजे पुढची चाकं मोठं वर्तुळ काढतात, मागची लहान. किती फरक? हिशेब करू. पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर २.४५ मीटर धरू, छोट्या फोर बाय फोरमध्ये साधारण इतकंच असतं. मागच्या एक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर चालला असेल, तर पायथागोरसच्या हिशेबानं पुढच्या एक्सलचा मध्य सुमारे ५.५७ मीटरच्या वर्तुळावर चालतो. नुसतं काटकोनात वळायचं, पाव वर्तुळ, तर मागचा एक्सल चालतो ७.८५ मीटर आणि पुढचा ८.७५ मीटर. एका वळणात ९० सेंटीमीटरचा फरक!

२एचमध्ये, म्हणजे फक्त मागची चाकं ओढत असताना, पुढचा शाफ्ट मोकळा असतो, तो हवा तितका जास्त फिरतो. ४एचमध्ये त्याला ती मुभा नाही. मग हे ९० सेंटीमीटर कुणीतरी सोसायचे. चिखलात, मुरमावर, सैल खडीवर टायर थोडे थोडे घसरत राहतात आणि हिशेब आपोआप मिटतो, तुम्हाला कळतही नाही. कोरड्या डांबरावर टायर रस्ता सोडत नाही. मग फरक साठतो तो शाफ्टांत, एक्सलांत, गिअरांच्या दात्यांत. पूर्वी ओढ्यावर दोघी जणी ओलं लुगडं दोन टोकांना धरून उलट दिशांनी पिळायच्या, तसा सगळ्या यंत्राला पीळ बसतो. अगदीच असह्य झालं की एखादं टायर खाडकन घसरून थोडा पीळ सोडतं. भावाची गाडी आवारात उड्या मारत होती ती यामुळे.

आता दांडा का अडकला ते सहज कळेल. पीळ बसला की कड्याचे दाते आणि चक्राचे दाते एकमेकांवर प्रचंड जोरानं बाजूनं दाबले जातात. त्या दाबाखालून कडं सरकवायला जी ताकद लागेल ती माणसाच्या हातात नसते. दोन्ही हातांनी ओढलंत तर वाकेल ते बेचकं किंवा तुटेल ती सळई. पण आलेल्याच वळणानं मागं गेलात तर तेच चक्र उलटं फिरतं. पुढची चाकं आता मागे जाताना जास्त अंतर कापतात, साठलेला फरक उलगडतो, दात्यांवरचा दाब एका क्षणी शून्याजवळ येतो आणि नेमक्या त्या क्षणी टेकवलेल्या हाताखाली दांडा लोण्यातून सुरी जावी तसा सरकतो. मागं घ्यायला जागा नसेल तर रस्त्याकडेच्या मातीत दोन चाकं उतरवून स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे करत चार-सहा फूट गेलात तरी काम होतं.

म्हणून कोरड्या डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर ४एच नाही, हा नियम. अर्थात ही गोष्ट अशा दांड्यानं बांधल्या जाणाऱ्या गाड्यांची. काही गाड्या कायम चारही चाकांवर चालतात. त्यांच्या पुढच्या-मागच्या शाफ्टांमध्ये वेगळा डिफरन्शिअल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरांची जोडणी, किंवा घसरू शकणारा क्लच असतो, त्यामुळे त्यांना डांबराची भीती नाही. दोन्ही प्रकारांना आपण सरसकट फोर बाय फोर म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो.

पावसात भिजलेल्या घाटाचं काय, असं मला नेहमी विचारतात. सलग निसरड्या रस्त्यावर ४एच चालतं. पण आपल्या घाटांत ओलं डांबरसुद्धा टायरला बरंच धरून असतं आणि वळणं तर एकामागून एक. ताम्हिणी किंवा वरंध चढताना मी पावसातही २एचमध्येच राहतो. दरडीची माती रस्त्यावर वाहून आली असेल तर तेवढ्या पट्ट्यापुरता दांडा ओढायचा आणि पलीकडे गेलं की काढायचा.

दांड्यावरची अक्षरं

मुठीवर कोरलेलं असतं २एच, ४एच, एन, ४एल. क्रम आणि दिशा गाडीगणिक बदलते. आपल्या गाडीची मूठ एकदा नीट वाचून ठेवावी, अंधारात आणि पावसात ती वाचता येत नाही.

एच म्हणजे हाय. गिअरबॉक्समधून आलेला वेग तसाच पुढे जातो. एल म्हणजे लो. यात ट्रान्सफर केसमधला आणखी एक गिअर वाटेत येतो, वेग कमी करतो आणि त्याच पटीत ओढ वाढवतो. ही पट गाडीनुसार साधारण दोन ते अडीच असते. जोर आकाशातून पडत नाही. पहारीनं धोंडा उचकटताना आपण लांब टोक दोन फूट खाली दाबतो तेव्हा धोंडा दोन इंच हलतो, पण हलतो. लो गिअर म्हणजे तीच पहार.

आकड्यांत बघू. समजा पहिल्या गिअरची पट ४, एक्सलमधल्या गिअरची पट ४. हायमध्ये ४ गुणिले ४, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाचे १६ फेरे. लोची पट अडीच धरली तर ४०. इंजिन ॲक्सिलरेटरला हात न लावता मिनिटाला ८०० फेरे घेत असेल आणि टायरचा घेर २.४ मीटर असेल, तर हायमध्ये गाडी ताशी ७ किलोमीटरच्या पुढे रांगते, माणसानं पळावं तशी. लोमध्ये ताशी जेमतेम ३ किलोमीटर. डोक्यावर हंडा घेतलेली बाई याहून भरभर चालते. दगडांवरून जाताना हाच वेग हवा असतो. चाक दगडाला टेकतं, क्षणभर विचार करतं, चढतं, पलीकडे उतरतं. क्लच अर्धवट दाबून, जाळून, धक्क्यानं चढण्याची वेळ येत नाही. इंजिनही बंद पडत नाही.

पण मला विचाराल तर ४एलचा खरा मोठेपणा उतारावर दिसतो. खड्या, सैल मातीच्या उतारावर ब्रेक दाबला तर चाकं थांबतात आणि गाडी घसरगुंडीवरून उतरल्यासारखी खाली येते. चाक थांबलं की स्टिअरिंगही ऐकत नाही. तिथे ४एल आणि पहिला गिअर टाकायचा आणि दोन्ही पाय पेडलांवरून काढून घ्यायचे. आता गाडीला वेग घ्यायचा असेल तर तिला इंजिनाला चाळीस पट वेगानं फिरवावं लागेल आणि इंजिनाच्या आतला विरोध तिला ते करू देत नाही. चारही चाकं सावकाश, सारखी फिरत खाली येतात. या वेळी एकच गोष्ट विसरायची नाही: क्लच दाबायचा नाही. क्लच दाबला की इंजिन सुटलं, मग गाडीला मागून धरायला कुणी उरत नाही. पहिल्यांदा हे करताना पाय आपोआप ब्रेककडे जातो. तो आवरायला शिकावा लागतो. दोन-तीन उतारांत जमतं.

उरला एन. या जागेवर पुढचा-मागचा दोन्ही शाफ्ट मोकळे असतात. गाडी ओढून न्यायची असेल, किंवा जुन्या जिपांत इंजिनाच्या जोरावर बाहेरचं यंत्र चालवायचं असेल, तेव्हाच याचा उपयोग. धोका असा की एनमध्ये गिअरबॉक्स चाकांपासून तुटलेला असतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून उभी केली, किंवा ऑटोमॅटिकमध्ये पी (पार्क) लावला, तरी ती उतारावर निघते. दांडा ४एच आणि ४एलच्या मधे अर्धवट अडकला तरी हेच होतं. उभ्या गाडीत ४एच आणि ४एलमधला बदल करताना हँडब्रेक ओढलेला असावा, हा नियम मी कधीही मोडत नाही.

कधी ओढायचा, कसा ओढायचा

बहुतेक जण दांडा ओढतात तो गाडी रुतल्यावर. मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरतायत, चिखल उडतोय, आणि त्याच वेळी हात दांड्याकडे जातो. कड्याच्या बाजूनं विचार करा. मागचा शाफ्ट जोरात फिरतोय, पुढची चाकं उभी असल्यामुळे पुढचं चक्र पूर्ण थांबलंय, आणि तुम्ही फिरत्या दात्यांना थांबलेल्या दात्यांवर ढकलताय. कर्रकन आवाज येतो तो दात्यांची टोकं झिजल्याचा. म्हणून चिखल समोर दिसला की चिखलाच्या अलीकडे दांडा ओढायचा. चुकून रुतलातच तर आधी ॲक्सिलरेटर सोडा, चाकं पूर्ण थांबू द्या, मग ओढा.

२एचमधून ४एच चालत्या गाडीत, सरळ रस्त्यावर, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलून लावता येतं. दोन्ही शाफ्ट तेव्हा एकाच वेगानं फिरत असतात, कडं अलगद चढतं. किती वेगापर्यंत ते आपल्या गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, तो आकडा पाळावा. मी स्वतः चाळीसच्या खालीच करतो, घाई कसली?

४एलची गोष्ट वेगळी. तिथे वेगाची पटच बदलते, त्यामुळे गाडी थांबवायची, क्लच पूर्ण दाबायचा, ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रल, आणि दांडा एका सलग हालचालीत शेवटपर्यंत न्यायचा. घाबरत घाबरत, थांबत थांबत नेला की तो मधेच एनमध्ये राहतो. कधी कधी तो ४एलच्या दाराशी येऊन अडतो, पुढे जात नाही. तेव्हा कड्याचा दाता बरोबर समोरच्या दात्याच्या टोकाला टेकलेला असतो, खाचेसमोर आलेला नसतो. ठोसे मारून उपयोग नाही. दांडा परत घ्या, क्लच सोडून गिअरबॉक्स क्षणभर फिरू द्या, किंवा सपाट जागा असेल तर गाडी वीतभर पुढे-मागे होऊ द्या, आणि पुन्हा प्रयत्न करा. दाता सरकतो, खाच समोर येते. ज्या गाड्यांच्या पुस्तिकेत तशी सूचना आहे त्यांत अगदी मुंगीच्या पावलानं गाडी सरकत असताना ४एल टाकतात, त्याचं कारणही हेच.

म्हणजे हाताला जाणवणारं अडणं दोन प्रकारचं असतं. लावताना अडलं तर दाता खाचेसमोर नाही. काढताना अडलं तर पीळ बसलाय. दोन्ही वेळा उपाय गाडी थोडी हलवणं हाच आहे, हाताचा जोर वाढवणं हा नाही.

तीन दांड्यांची जीप

ज्यांनी जुनी जीप चालवलीय त्यांना हे सगळं वेगळं शिकवावं लागत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या १९४१च्या विलिस जीपमध्ये गिअरचा दांडा धरून तीन दांडे होते. ट्रान्सफर केसलाच दोन, एक पुढचा एक्सल जोडायला, दुसरा हाय-लो करायला. आत एक छोटी अडसर-गोळी होती, तिच्यामुळे पुढचा एक्सल जोडल्याशिवाय लो लागतच नसे. कारण सरळ आहे. लोमधला जवळजवळ दुप्पट जोर एकट्या मागच्या एक्सलवर गेला तर तो तुटेल, दोघांनी वाटून घ्यायचा. आजच्या एका दांड्यावर ४एल आहे पण २एल नाही, त्याची मुळं इथे आहेत.

महिंद्रानं १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि तेव्हापासून हा दांडा महाराष्ट्राच्या गावोगावी पोहोचला. माझ्या लहानपणी मात्र पाहिलेल्या किती तरी जिपांमध्ये पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून ठेवलेला असे. डिझेल वाचतं म्हणून. त्यात तथ्य होतं. २एचमध्येही पुढची चाकं रस्त्यावरून फिरताना आपल्या एक्सलचे गिअर आणि पुढचा शाफ्ट उगाच फिरवत राहतात, त्यात थोडा जोर वाया जातो.

यावरचा सभ्य उपाय म्हणजे फ्री व्हील हब. १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीवाल्यांना ते चांगलेच आठवत असतील. पुढच्या चाकाच्या मध्यभागी एक चकती असते, हातानं फिरवायची. फ्रीवर असली की चाक मोकळं फिरतं, एक्सल झोपलेला. लॉकवर असली की चाक एक्सलला जोडलं जातं. अडचण अशी की आत बसून दांडा ४एचला टाकला आणि हब फ्रीवरच राहिले, तर पुढचा शाफ्ट फिरतो, डॅशबोर्डवर ४एचचा दिवा लागतो, चाकं मात्र ढिम्म. गुडघाभर गाळात उतरून, हातानं चिखल खरवडत हब शोधणारी माणसं मी पाहिली आहेत. एकच हब लॉक केला तरी फरक पडत नाही. डिफरन्शिअलचा स्वभाव असा की जिथे अडवणूक कमी तिकडे फिरणं पाठवायचं. मोकळ्या बाजूचा एक्सल हवेत फिरल्यासारखा फिरतो आणि लॉक केलेलं चाक उभं राहतं. म्हणून डांबरी सोडतानाच खाली उतरायचं आणि दोन्ही हब फिरवून यायचं. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत हे काम दांड्याबरोबर आपोआप होऊ लागलं.

आणि याच स्वभावामुळे ४एल लावूनही गाडी अडू शकते. खड्ड्या-उंचवट्यांवर एक पुढचं आणि तिरक्या बाजूचं एक मागचं चाक हवेत गेलं, की प्रत्येक एक्सलचा डिफरन्शिअल आपलं सगळं फिरणं त्या हवेतल्या चाकाला देतो. दांडा फक्त पुढच्या आणि मागच्या शाफ्टला बांधतो, डाव्या-उजव्या चाकाला नाही. त्यासाठी डिफरन्शिअल लॉक हे वेगळं साधन लागतं. काळ्या रानात तर आणखी वेगळी अडचण. विदर्भ-मराठवाड्यातली ती माती एका पावसात टायरच्या खाचा भरून टाकते. मग चार गुळगुळीत चाकं फिरतायत की दोन, त्यानं फार काही साधत नाही. टायरच्या खाचा आणि त्यातली हवा यांचं काम दांडा करू शकत नाही. तो ब्रेकचं कामही करत नाही. ओल्या रस्त्यावर थांबायला फोर बाय फोरला इतर गाडीइतकंच अंतर लागतं. चढताना मिळालेला आत्मविश्वास ब्रेक दाबताना जवळ बाळगू नका, हे मी भावाला फोनवर दोनदा सांगितलं.

दांडा की बटण

आता हा दांडा कमी होत चाललाय. नाशिकच्या कारखान्यात बनणाऱ्या २०२०च्या थारमध्ये तो आहे, २०२३मध्ये भारतात आलेल्या जिम्नीतही आहे. फोर्सच्या गुरखामध्ये मात्र २०२४पासून त्याच्या जागी फिरवायची कळ आली. कळ फिरवली की ट्रान्सफर केसवरची छोटी मोटर तेच बेचकं सरकवते. आतलं कडं, दाते, पीळ, सगळं तेच. फक्त तुमच्या हाताऐवजी मोटर.

बटण सोपं आहे, जागा वाचते, आणि अर्धवट बदल होऊ नये याची काळजी त्यातला कॉम्प्युटर घेतो. नवशिक्यासाठी ते अधिक सुरक्षित असू शकतं, हे मी मान्य करतो. पण दात अडले की दिवा लुकलुकत राहतो आणि पीळ बसलाय की दाता खाचेसमोर नाही की मोटरच्या जोडणीत पाणी गेलंय, हे त्या दिव्यावरून कळत नाही. अमेरिकेत जुन्या पिकअप ट्रकांचे हौशी मालक बटणाची मोटर काढून टाकून, फरशीला भोक पाडून हातानं ओढायचा दांडा बसवून घेतात. मोटर किंवा सेन्सर जंगलात बिघडला तर हाताशी काही राहत नाही, हे त्यांचं म्हणणं. रस्त्यापासून दहा किलोमीटर आत, पावसात, मी सुद्धा दांड्याचीच निवड करेन.

दांड्याची निगा फार नाही, पण ती नेमकी हवी. महिना-महिना वापरला नाही की खालचे सांधे गंजतात, आणि मग ऐन पावसाळ्यात तो हलत नाही. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर दोन-चार किलोमीटर ४एचमध्ये चालवा, मोकळ्या जागेत ४एल लावून काढा. आतल्या साखळीला आणि सीलना तेवढं तेल पोहोचतं. दांडा मुठीत खूप डुलायला लागला, जागा सापडेनाशी झाली, तर बहुधा सांध्यातले बुश, म्हणजे आत बसवलेल्या छोट्या नळ्या, झिजलेले असतात. ते स्वस्तातले आहेत, पण तसंच रेटलं तर कडं अर्धवट चढतं आणि दाते खराब होतात. दांडा कुठे आहे यापेक्षा डॅशबोर्डवरच्या दिव्यावर जास्त विश्वास ठेवा, कारण त्याची कळ ट्रान्सफर केसच्या आत, बेचक्याच्या हालचालीवर बसवलेली असते. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले असू द्या. घेरात एक टक्का फरक असला तरी किलोमीटरला १० मीटरचा हिशेब चुकतो आणि सरळ रस्त्यावरसुद्धा पीळ बसायला लागतो.

शेवटचं, ओढ्यातून गेलात तर. तापलेली ट्रान्सफर केस गार पाण्यात बुडली की आतली हवा आक्रसते आणि जिथून फट मिळेल तिथून पाणी आत ओढते. म्हणून केसला श्वास घ्यायला एक नळी असते. तिचं टोक वर बांधलेलं आहे ना, तिच्यात चिखल बसलेला नाही ना, हे पावसाळ्याआधी बघून घ्यायचं. आणि पाऊस संपला की एकदा गॅरेजमध्ये तेल उघडून बघायला सांगायचं. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, ते त्याच दिवशी बदलायचं. भावानं दसऱ्याच्या आधी आपल्या गाडीचं तेल तपासलं. मला फोटो पाठवला होता, तेल स्वच्छ होतं.